मोजणीची वही कुणाकडे?

जानेवारी २०१० मध्ये, ॲपलचा आयपॅड जाहीर होण्याच्या काही दिवस आधी, फ्लरी नावाच्या अमेरिकी ॲनालिटिक्स कंपनीने एक माहिती प्रसिद्ध केली. ॲपलच्या क्युपर्टिनो इथल्या आवारात टॅब्लेटच्या जातीची साधारण पन्नास उपकरणं वापरात आहेत, असं तिच्या आकड्यांत दिसत होतं. त्यासाठी फ्लरीला कुणाच्या कुंपणावरून उडी मारावी लागली नव्हती. आपलं ॲप किती जण वापरतात, कुठे अडतात हे कळावं म्हणून अनेक ॲप-निर्मात्यांनी फ्लरीचा तयार कोड आपापल्या ॲपमध्ये बसवला होता. ॲपलचे लोक नव्या उपकरणावर तीच ॲप चालवून बघत होते आणि प्रत्येक ॲप त्या उपकरणाची जात आणि ठिकाण मुकाट्याने फ्लरीला कळवत होतं. स्टीव्ह जॉब्ज भडकले. त्या वर्षी जूनमध्ये एका जाहीर मुलाखतीत त्यांनी आपला राग लपवला नाही, आणि ॲपलने ॲप-निर्मात्यांसाठीचे नियम आवळले.

ही गोष्ट सांगताना सगळे ॲपल आणि फ्लरीबद्दल बोलतात. मला त्या ॲप-निर्मात्यांबद्दल बोलायचं आहे. आपल्या चार प्रश्नांची उत्तरं मिळावीत एवढ्यासाठी त्यांनी एक साधन निवडलं होतं. त्या साधनाच्या वाटेने आपल्या वापरकर्त्यांची माहिती तिसऱ्याच्या गोदामात जाते आहे, तिथे ती इतर शेकडो ॲपच्या माहितीशेजारी ठेवली जाते आहे आणि त्या ढिगावरून ती कंपनी जगातल्या सर्वांत गुप्तताप्रिय कंपनीचं गुपित ताडू शकते, हे त्यांच्या मनातही आलं नसेल. वेबसाइटसाठी किंवा ॲपसाठी ॲनालिटिक्सचं साधन निवडताना आपण एकाच वेळी दोन गोष्टी ठरवून टाकतो: आपल्या वाचकाला काय विचारायचं, आणि तो उत्तर देत असताना आणखी कोणाला ऐकू द्यायचं. पहिल्या गोष्टीची थोडीफार चर्चा होते. दुसरी बहुतेकदा न बोलताच ठरते.

कशी ठरते ते या क्षेत्राशी संबंध आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. एखाद्या प्रकाशनाची, वाचनालयाची, शिक्षणसंस्थेची, शेतमाल विकणाऱ्या गटाची वेबसाइट पूर्ण होत येते. मुखपृष्ठावरचा फोटो तिसऱ्यांदा बदललेला असतो, उद्घाटनाची तारीख पडलेली असते. डेव्हलपर विचारतो, "सर, ॲनालिटिक्स टाकायचं ना?" आणि सर म्हणतात, "हो, टाकून द्या." एवढ्यावर विषय संपतो. मुखपृष्ठाच्या रंगावर समितीच्या तीन बैठका झालेल्या असतात. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक वाचकामागे कोण चालणार, यावर एकही झालेली नसते. माझं म्हणणं असं आहे, की हा निर्णय डेव्हलपरवर सोडू नये. ज्याला वाचकापुढे उभं राहून उत्तर द्यावं लागतं त्याने, म्हणजे संपादकाने, प्रकाशकाने, संस्थेच्या चिटणीसाने तो घ्यावा, आणि साधनांची नावं ऐकण्याआधी घ्यावा.

पूर्वी अशी निवड करण्याची वेळच येत नसे. वेबसर्व्हर आपणहून नोंद ठेवतो: कोणतं पान, किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून, कोणत्या ब्राउझरने मागितलं. नव्वदच्या दशकात ॲनालॉग, वेबलायझर असे प्रोग्रॅम ही नोंद वाचून तक्ते काढून देत, आणि माहिती ज्या यंत्रावर वेबसाइट तिथेच राही. या पद्धतीत उणिवा होत्या. माणूस कोण आणि सर्च इंजिनचा रोबॉट कोण हे नीट कळत नसे, आणि वाचकाने पान उघडल्यावर काय केलं ते सर्व्हरला दिसतच नसे. मग पानातच जावास्क्रिप्टचा तुकडा ठेवून वाचकाच्या ब्राउझरकडूनच खबर मागवायची पद्धत आली. सॅन दिएगोची अर्चिन ही कंपनी या कामात नाव कमावून होती. गूगलने २००५ मध्ये ती विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल ॲनालिटिक्स सगळ्यांना फुकट दिलं. ज्या सेवेला दरमहा शेकडो डॉलर पडत, ती अचानक बिनपैशाची झाली. इतकी झुंबड उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली.

समजा, शहरातला घाऊक व्यापारी गावातल्या किराणा दुकानदाराला म्हणाला, की तुझी विक्रीची वही आमचा माणूस रोज येऊन फुकट लिहील. कोण आलं, काय घेतलं, काय हातात घेऊन परत ठेवलं, सगळं लिहील. वही आमच्याकडे राहील, तुला हवी तेव्हा दाखवू. आणि हाच व्यापारी पंचक्रोशीतल्या बहुतेक दुकानांच्या वह्या लिहितो आहे. दुकानदाराला यात खरोखर फायदा आहे, हे मी नाकारत नाही. स्वतःला जमलं नसतं इतकं चोख लिखाण त्याला मिळतं. पण पंचक्रोशीत कुणाच्या घरात काय शिजतं हे एकट्या व्यापाऱ्याला कळतं, आणि वहीचे नियमही तोच ठरवतो. जाहिरातींशी किती जोडायचं, किती नाही, याची बटणं गूगल देते आणि ती नीट वापरली तर बरंच काही बंद करता येतं. अडचण एवढीच, की "टाकून द्या" म्हणून बसवलेल्या साधनाची बटणं उघडून बघायला पुन्हा कुणी जात नाही.

वही दुसऱ्याकडे असण्याचा अर्थ १ जुलै २०२३ ला फार जणांना कळला. त्या दिवसापासून गूगलने आपल्या जुन्या, युनिव्हर्सल ॲनालिटिक्सच्या साध्या खात्यांत नवी नोंद घेणं बंद केलं. वर्षभराने, जुलै २०२४ पासून, जुने आकडे बघण्याची सोयही काढून घेतली. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नव्हतं त्यांचा दहा दहा वर्षांचा इतिहास गेला. नव्या आवृत्तीत, जीए४ मध्ये, जुने आकडे आणता येत नव्हते, कारण मोजणीची पद्धतच बदलली होती. फुकट खात्यात व्यक्तिगणिक तपशील आता दोन महिने किंवा फार तर चौदा महिने राहतो. ठोक अहवाल राहतात, पण नवा प्रश्न सुचला आणि मागे जाऊन तपासायचं म्हटलं तर हात रिकामे. मोठ्या कंपन्यांनी आपली सोय आधीच लावली होती. फटका बसला तो लहान संस्थांना, ज्यांच्याकडे हे बघणारा माणूसच नव्हता. वाचनसंस्कृतीबद्दल आपण एवढं बोलतो. मराठी वाचक मोबाइलवर कधी आला, लेखांवरून कथांकडे कधी वळला, याचा दशकभराचा पुरावा अनेक मराठी वेबसाइटींच्या खात्यांत असणार. त्यातला किती उरला असेल याचा विचार केला की वाईट वाटतं.

गोपनीयतेइतकाच महत्त्वाचा आणि कमी बोलला जाणारा मुद्दा मोजमापाच्या व्याख्यांचा आहे. प्रत्येक साधन आपल्याबरोबर चांगल्या वाचकाची एक कल्पना घेऊन येतं, आणि ती कल्पना आपण न वाचताच मान्य करतो. गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या हिशोबात दोन पानांच्या वेळेतलं अंतर म्हणजे वाचनाचा वेळ. एखाद्याने शोधत येऊन एकच दीर्घ लेख उघडला, वीस मिनिटं मन लावून वाचला आणि खिडकी बंद केली, तर दुसरं पान नसल्याने त्याचा वेळ शून्य धरला जाई आणि तो "बाउन्स", म्हणजे आला तसा गेलेला, ठरे. चार मथळ्यांवर टिचक्या मारून काहीच न वाचता गेलेला मात्र रमलेला वाचक. जीए४ ने व्याख्या बदलली. आता दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबलेला, किंवा दोन पानं पाहिलेला, किंवा तुम्ही ठरवलेली एखादी महत्त्वाची कृती केलेला वाचक गुंतलेला मानला जातो. दुकानासाठी हे चालेल. चार हजार शब्दांच्या समीक्षालेखाला दहा सेकंदांनी काय कळणार? ती मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते, पण त्यासाठी आधी "आमच्या लेखी वाचणं म्हणजे काय" हे संपादकाने ठरवलेलं असलं पाहिजे. ते कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याने ठरवायचं कामच नाही.

चुकीच्या मोजमापाने माणसांच्या नोकऱ्या जाऊ शकतात. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं, की व्हिडिओ बघण्याचा सरासरी वेळ आपण जवळपास दोन वर्षं फुगवून दाखवत होतो. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना हिशोबातून वगळून सरासरी काढली जात होती, आणि आकडा साठ ते ऐंशी टक्क्यांनी वाढलेला दिसत होता. याच काळात अमेरिकेतल्या अनेक न्यूजरूम लेखक कमी करून व्हिडिओकडे वळल्या. त्यामागे जाहिरातींचा पैसा होता, हवा होती, इतरही कारणं होती. पण लोकांना मजकूर नको, व्हिडिओ हवा, असं सांगताना जे आकडे टेबलावर ठेवले जात ते दुसऱ्याच्या वहीतले होते आणि ते पडताळून पाहायची सोय कुणाकडे नव्हती.

मोबाइल ॲपमध्ये हे सगळं आणखी नाजूक होतं. ब्राउझर निदान वाचकाच्या बाजूने थोडा भांडतो: सफारी २०१९ पासून स्क्रिप्टने लिहिलेली कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, सात दिवसांत पुसते, ॲडब्लॉकर अनेक ट्रॅकर थांबवतात. ॲपच्या आत बसवलेली एसडीके, म्हणजे तयार कोडची पेटी, मात्र घरातल्या माणसासारखी वावरते. फ्लो या पाळीची नोंद ठेवणाऱ्या ॲपचं प्रकरण ॲप काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावं. दहा कोटींहून अधिक जणींनी वापरलेलं ते ॲप. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार, आरोग्याची माहिती खाजगी ठेवण्याचं आश्वासन देणारं हे ॲप फेसबुक, गूगल, ॲप्सफ्लायर आणि तीच ती फ्लरी यांच्या ॲनालिटिक्स सेवांकडे घटनांच्या नोंदी पाठवत होतं. घटनांना नावं होती, आणि नावांतच सगळं आलं होतं: गर्भारपणाचा आठवडा निवडला, अशा अर्थाचं नाव असलेली घटना जेव्हा एखाद्या फोनवरून फेसबुककडे जाते, तेव्हा त्या बाईने घरच्यांना सांगण्याआधी ते एका जाहिरात कंपनीला कळलेलं असतं. २०२१ मध्ये फ्लोने चूक कबूल न करता कमिशनशी तडजोड केली. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने याच प्रकरणात फेसबुकची मालक कंपनी मेटा हिलाही दोषी धरलं.

घटनेला नाव देणं हे रोजचं, कंटाळवाणं काम आहे. ते बहुधा संघातला सर्वांत नवा मुलगा करतो, आणि समजायला सोपं पडावं म्हणून तो स्पष्ट नाव देतो. त्याची चूक नाही. ही नावं कुठे जाणार हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कर्जमाफीची चौकशी करणाऱ्या शेतकऱ्याचं ॲप, दारू सोडवणाऱ्या केंद्राचं ॲप, विवाहसंस्थेचं ॲप यांत बटणांची नावं काय असतील याची कल्पना करा.

आपल्याकडे आता कायदाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं याला बंदी आहे, शाळांसारख्यांना ठरावीक कामांपुरत्या सवलती सोडून. बारावीपर्यंतच्या मुलांसाठी मराठीतून ॲप काढणारे किती तरी जण आहेत. त्यांनी ॲपमध्ये तयार जाहिरात-ॲनालिटिक्सची पेटी बसवताना हे कलम डोळ्यांसमोर ठेवलंच पाहिजे.

याचा अर्थ सगळ्यांनी गूगल सोडावं असा होतो का? होत नाही. ज्याचा धंदा गूगलवरच्या जाहिरातींवर चालतो, कोणत्या जाहिरातीमुळे कोणती साडी विकली गेली हे ज्याला रोज बघावं लागतं, त्याने जीए४ वापरण्यात शहाणपण आहे. त्याने ते संमती घेऊन, बटणं तपासून वापरावं. ज्याच्या ॲपमध्ये पाच पायऱ्यांची नोंदणी आहे आणि लोक तिसऱ्या पायरीवर का गळतात हे शोधायचं आहे, त्याला मिक्सपॅनल, ॲम्प्लिट्यूड किंवा स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारं पोस्टहॉग उपयोगी पडेल. साध्या पानमोजणीने ते उत्तर मिळणार नाही. पण मासिकं, प्रकाशनं, ग्रंथालयं, संस्था यांचे खरे प्रश्न मोजकेच असतात. कोणते लेख वाचले जातात, वाचक कुठून येतो, मोबाइलवर पान नीट दिसतं का, पुण्याबाहेर आणि देशाबाहेर किती वाचक आहेत. एवढ्यासाठी वाचकाची ओळख साठवायची गरज नाही. २००७ मध्ये पिविक नावाने सुरू झालेलं आणि २०१८ पासून मॅटोमो म्हणवणारं मुक्त सॉफ्टवेअर पीएचपी आणि मायएसक्यूएल असलेल्या साध्या होस्टिंगवर चालतं. ठरावीक पद्धतीने मांडलं तर त्याला वेगळी संमती लागणार नाही, असं फ्रान्सच्या डेटा नियामकानेही मान्य केलं आहे. प्लॉझिबलसारखी हलकी साधनं कुकीच ठेवत नाहीत.

या बाजूच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्वतःच्या सर्व्हरवरचं साधन अद्ययावत ठेवायला माणूस लागतो. दोन वर्षं हात न लावलेलं मॅटोमो हे चोराला उघडं दार आहे. कुकी न वापरणारी साधनं आयपी पत्ता आणि ब्राउझरची ओळख यांच्या मिश्रणावरून त्या दिवसापुरता वाचक ओळखतात. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून दिसू शकतात, आणि अँड्रॉइडवरचं क्रोम आता फोनचं मॉडेलही सांगत नाही. त्यामुळे एसटीत शेजारी बसून तीच बातमी वाचणारे दोघे एकच मोजले जाऊ शकतात. युरोपात तयार झालेल्या साधनाचा आकडा नांदेडच्या वाचकांसाठी जरा कमीच धरावा लागेल. मला हा तोटा परवडणारा वाटतो. तसंही, कुकी पुसली गेली की गूगलच्या हिशोबातही जुना वाचक नवा होतो. दोन्हीकडे अंदाजच आहे, आणि महिन्यामागून महिना तोच अंदाज एकाच पद्धतीने काढला तर चढ-उतार कळायला तो पुरतो.

मोठ्या प्रमाणावर हे चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी विकिपीडियाकडे बघावं. जगातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या वेबसाइटींपैकी ती एक, आणि तिच्या पानांवर गूगल ॲनालिटिक्स नाही. किती वेगवेगळ्या उपकरणांवरून लोक आले हे मोजायला विकिमीडियाने एक देखणी युक्ती काढली. वाचकाच्या ब्राउझरमध्ये ओळखक्रमांक ठेवायचाच नाही. फक्त मागच्या भेटीची तारीख ठेवायची. पुढची विनंती येते तेव्हा त्या कुकीत आजची तारीख नसेल तर आजच्या मोजणीत एकाची भर, असेल तर नाही. माणूस कोण हे कुणालाच कळत नाही, तरी आकडा मिळतो. कच्च्या नोंदी नव्वद दिवसांनी काढून टाकल्या जातात किंवा त्यांतली ओळख पुसली जाते. पानागणिक वाचनाचे आकडे सगळ्यांसाठी खुले असतात. मराठी विकिपीडियावरचा एखादा लेख गेल्या महिन्यात किती वेळा उघडला गेला हे कुणालाही बघता येतं. ज्या वाचकांना मोजलं, त्यांनाच ती वही उघडून दाखवली आहे. मराठीतल्या एखाद्या नियतकालिकाने आपल्या अंकाच्या वाचनाचे आकडे असे दर महिन्याला वाचकांपुढे ठेवले तर लेखकांना, जाहिरातदारांना आणि खुद्द वाचकांनाही त्याचा किती उपयोग होईल!

म्हणून सुरुवात कुठून करावी याबद्दल माझी एक सूचना आहे. नव्या कायद्यानुसार डेटा वापरण्याची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्येही वाचता यावी लागेल. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात आहेत. ती सूचना वकिलाकडून शेवटी लिहून घेण्याऐवजी संपादकाने सगळ्यांत आधी, स्वतःच्या हाताने लिहावी. आम्ही तुमच्या वाचनाबद्दल अमुक गोष्टी नोंदवतो, अमुक प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून नोंदवतो, इतके दिवस ठेवतो, आणि अमक्यांना देतो. आपली मावशी किंवा शाळेतले गुरुजी ती वाचणार आहेत असं समजून लिहावी. लिहिताना ज्या वाक्याची लाज वाटेल ती नोंद गाळावी. "अमक्यांना" या जागी पाच कंपन्यांची नावं येत असतील, तर त्यांतली प्रत्येक आपल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते समोर लिहावं. ज्या नावासमोर प्रश्न सुचत नाही ते खोडावं. मग तो कागद समितीपुढे ठेवावा, रंगांना दिल्या त्यातली एक बैठक त्याला द्यावी, आणि मंजूर झाल्यावर डेव्हलपरच्या हाती द्यावा. साधनाचं नाव घालायची जागा तेवढी त्यात मोकळी असेल, आणि ती भरायला त्याला अर्धा दिवसही लागणार नाही.